मेघांक खाली का बसला

चॅनलचा फोन आला तेव्हा मेघांक रुधिरसेनाला चाळिसाव्यांदा मारत होता. सकाळचे साडेनऊ, रेवदंड्याचा किनारा, ओहोटीची ओली वाळू. मी हातातली वही मिटली आणि फोन कानाला लावला.

"मास्टर, एक छोटासा चेंज आहे," रिया मॅडम म्हणाल्या. त्या मालिकेच्या क्रिएटिव्ह हेड. "मेघांक हरतोय."

"कधी?"

"आज. क्लायमॅक्सला. प्रेक्षकांच्या पोलमध्ये रुधिरसेन पुढे गेलाय. चॅनलला तोच जिंकलेला हवाय."

"मॅडम, सहा दिवस तालीम झालीये. बावीस मूव्ह बसल्यात."

"शेवटच्या चारच तर बदलायच्यात. तुम्ही कराल हो."

'तुम्ही कराल हो' हे आमच्या लाइनीतलं सगळ्यात घातक वाक्य. ते ऐकलं की माणसाची छाती फुगते आणि डोकं बंद पडतं. माझंही पडलं.

मी फाइट मास्टर. मूळचा तळा गावचा. लहानपणी आखाड्यात लाठी आणि दांडपट्टा शिकलो, त्या जोरावर मुंबईला सिनेमात शिरलो. आधी फटके खाल्ले, मग फटके बसवायला लागलो. पडद्यावरची मारामारी नाचासारखी बसवावी लागते. कोणी कधी मारायचं, कोणी कधी चुकवायचं, कोणाचा पाय कुठे पडायचा, सगळं आधी ठरतं. एकेका हालचालीला नंबर असतो, तिला आम्ही मूव्ह म्हणतो. खरा फटका एकही लागू नये आणि बघणाऱ्याला मात्र प्रत्येक फटका लागावा, एवढंच माझं काम. तीस वर्षं ते मी नीट केलं होतं. तो माजही होता.

आता हे दोन योद्धे. कुठल्या पुराणात शोधायला जाऊ नका, दोघंही मुंबईतल्या एका एसी ऑफिसात जन्मले. रुधिरसेन धिप्पाड, अंगावर चिलखत, हातात लांब दांड्याचा परशू. त्याला वरदान असं की वेदना होत नाहीत. मेघांक सडपातळ, दोन्ही हातांत आखूड तलवारी, तोंडावर लोखंडी मुखवटा. त्याला शत्रूचा वार एक श्वास आधी दिसतो. दोघंही सज्जन, एकमेकांचे मित्र, पण शापामुळे लढणार. प्रेक्षकांमध्ये दोन तट पडले होते. कोण भारी यावर पोरं मोबाइलवर रात्रंदिवस भांडायची, एकमेकांच्या आयाबहिणी काढायची.

पहिल्या मीटिंगला लेखकांनी एक तक्ता पुढे केला. ताकद, वेग, सहनशक्ती, शस्त्र, वरदान, प्रत्येकाला दहापैकी मार्क. बेरीज केली तर रुधिरसेन दोन मार्कांनी पुढे.

"दहावीचा निकाल लावताय का?" मी विचारलं. "लढाई कुठे आहे?"

"बीचवर."

"मग हा तक्ता फाडा."

आणि मी त्यांना समजावलं. चिलखतातला माणूस ओल्या वाळूत घोट्यापर्यंत रुततो. लांब दांड्याचा परशू चुकला की तो पुन्हा खांद्यावर येईपर्यंत दोन श्वास जातात, तेवढ्यात आखूड तलवारीवाला चार वार करतो. वेदना न होणं हे तर वरदानच नव्हे. दुखतं म्हणून माणूस हात मागे घेतो. ज्याला दुखतच नाही त्याला आपलं रक्त किती गेलं हे पडल्यावर कळतं. पण मेघांकाचंही काही सोपं नाही. त्याचा पल्ला तोकडा. परशूच्या फिरण्याबाहेर उभा राहिला तर जन्मात वार करू शकणार नाही, त्याला आतच शिरावं लागेल. आणि वार आधी दिसून उपयोग काय, पायांनी साथ दिली नाही तर. म्हणजे त्याने थांबावं, दुसऱ्याला दमवावं, हात जड झाले की परशूच्या खालून आत घुसावं. मेघांक जिंकतो, पण घाई केली नाही तर.

लेखकांनी तक्ता गुंडाळला, डायरेक्टर खूश झाला, आणि मी त्या हिशेबाने बावीस मूव्ह बसवल्या. एकोणिसावी सगळ्यात महत्त्वाची. रुधिरसेन दमून परशू आडवा फिरवतो. मेघांक खाली बसतो, परशू डोक्यावरून जातो, आणि बसल्या बसल्या तो एक पाऊल आत सरकतो. पुढच्या तीन मूव्हमध्ये खेळ खलास.

हे सगळं हीरो लोक करत नाहीत. त्यांचे क्लोजअप घेतात. लढतात ते डबल, म्हणजे त्यांच्यासारखे दिसणारे स्टंटवाले. रुधिरसेनाचा डबल इरफान, म्हसळ्याचा. घरातले सगळे पुरुष आखातात, हाच एकटा कबड्डी आणि स्टंटच्या नादाने मागे राहिलेला. मेघांकाचा डबल दिनेश, रेवदंड्याचाच कोळी, अठ्ठावीस वर्षांचा, अंग वेतासारखं. एका स्पर्धेत दिनेशने इरफानचा घोटा धरून त्याला आउट केलं होतं, तेव्हापासूनची दोस्ती. दिनेश जेवायला आणायचा ते सुकटीचं कालवण दोघं एकाच डब्यातून खायचे.

दिनेशची एक अडचण होती. तो मुखवटा. दिसायला झकास, पण डोळ्यांना दोन बारीक फटी. समोरचं जेमतेम दिसे, वरचं काहीच नाही. म्हणून मी माझी जुनी पद्धत वापरली. कॅमेऱ्याशेजारी उभं राहून मी नंबर ओरडतो आणि नंबरासोबत एक शब्द. 'सात, डावा.' 'बारा, फिर.' 'एकोणीस, खाली.' मुखवट्यातला माणूस त्यावर चालतो; बाकीच्यांना नंबर पुरतो, शब्दाकडे कोणी लक्ष देत नाही. माझ्या पोरांना माझा पहिला नियम पाठ असतो: डोळ्याला काही दिसो, मनात काही येवो, मास्टरचा आवाज आला की आवाजाचं ऐकायचं. या नियमाने मी माणसं वाचवली आहेत. तेही खरं आहे.

तर चेंज. आता रुधिरसेनाने परशू आडवा न फिरवता वरून खाली आणायचा, पूर्ण ताकदीने, वाळूत. मेघांकाने मागे उडी मारायची. वाळू फुटल्यासारखी उडेल, मग परशूचा दांडा पायात अडकवून त्याला पाडायचं. नवा कॉल: 'एकोणीस, मागे.'

मी डायरेक्टरला बाजूला घेतलं. "उद्याचा दिवस द्या. अंगात मुरायला पाहिजे."

"मास्टर, हीरोची डेट आज संपते. आणि पाणी एकच्या आत लढाईच्या मार्कवर येतंय."

"मग पुढच्या आठवड्यात घ्या."

"पुढच्या आठवड्यात एडिट लागतंय, एपिसोडची तारीख जाहीर झालीये!" तो हसला. "तुमच्यासारखा माणूस असं म्हणायला लागला तर कसं व्हायचं?"

मी दिनेशला विचारलं, "जमेल?"

"जमंल की मास्टर. चारच हायेत ना."

इरफानला विचारलं. त्याने परशू हातात तोलून बघितला. "वरून आणायचा म्हणजे थांबवता येणार नाही मास्टर. आडवा असला तर हात आवरता येतो."

त्याने मुद्द्याचं सांगितलं होतं. मी म्हटलं, "थांबवायचा नाहीच. दिनेश तिथे नसणार."

दीड तासात नऊ वेळा केलं. नऊही वेळा बरोबर. मधे मॅडमचे आणखी दोन फोन. एकदा म्हणाल्या, मेघांक गुडघ्यावर येऊ दे. पंधरा मिनिटांनी, नको, आडवाच पडू दे. प्रत्येक वेळी मी पोरांना थांबवलं, नवं सांगितलं, पुन्हा चालू. त्यात डायरेक्टरला शेवट एकाच सलग शॉटमध्ये हवा होता, आणि परशूच्या पात्यावर ऊन चमकायला हवं होतं. लांबच्या शॉटला आम्ही रबराचा परशू देतो. तो चमकत नाही. जवळच्या शॉटला अॅल्युमिनियमचा असतो, धार नसलेला, पण वजनदार. मी अॅल्युमिनियमचा द्यायला सांगितलं. कोणी जबरदस्ती केली नव्हती.

बारा वाजून गेले होते. पाण्याची रेघ मार्कच्या पंधरा-वीस पावलांवर आली होती. अॅक्शन झालं. मी ओरडायला लागलो. पहिल्या अठरा मूव्ह इतक्या सुरेख गेल्या की युनिटमधली माणसं काम सोडून बघत होती. मीही बघत होतो.

एकोणीसला दिनेश खाली बसला. बसून एक पाऊल आत सरकला. आणि वरून परशू आला.

आवाज फार मोठा नव्हता. इरफानने परशू टाकला आणि तो नुसता उभा राहिला. पाण्याची पहिली पातळ लाट दिनेशच्या पायांपर्यंत आली, पण त्याने पाय ओढून घेतले नाहीत. मी धावत जाऊन त्याचा मुखवटा काढायला लागलो तर तो म्हणाला, "मास्टर, मान हालवू नका. खालचा काय समजत नाय मना."

कट म्हणायचं कोणाला सुचलं नव्हतं. कॅमेरा चालूच होता.

फळीवर बांधून त्याला आधी अलिबागला नेलं, तिथून नवी मुंबईला. मानेचा मणका गेला होता. डॉक्टरांनी आठव्या दिवशी स्पष्ट सांगितलं. छातीखालचं काही हलणार नाही, हात खांद्यातून हलतील, बोटं वळणार नाहीत. त्याच्या आईला हे दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा मी सांगितलं. त्या बाईने मला विचारलं, "आनि जाला कसा वढायचा त्यानी?" ती मासळीच्या जाळ्याचं विचारत होती. मी चहा आणायला म्हणून बाहेर गेलो आणि जिन्यात बसून राहिलो.

इरफानने खाणंपिणं सोडलं होतं. तो हॉस्पिटलच्या गेटबाहेर बसायचा, आत यायला धजायचा नाही. मी त्याच्याशेजारी बसलो.

"अल्ला कसम मास्टर, मी तुम्ही सांगितलेलंच केलं."

"माहीत आहे. दिनेश विसरला. सहा दिवसांची सवय अंगातून गेली नाही त्याच्या. तुझा दोष नाही."

हे मी मनापासून म्हणालो होतो. पोलिसांनाही हाच जबाब दिला. प्रॉडक्शनचा रिपोर्ट आला, त्यात एक ओळ होती: 'स्टंट कलाकार बदललेली मूव्ह विसरल्याने अपघात.' मी वाचून सही केली. गावात तेच पसरलं. कबड्डीतली पोरं हळहळायची आणि वर म्हणायची, दिनेशसारख्याने चुकायचं म्हणजे काय.

तीनेक आठवड्यांनी मला साऊंड स्टुडिओत बोलावलं. फाइटला तलवारींचे आवाज मागाहून भरतात. कुठला फटका कुठे, हे फाइट मास्टर बसून दाखवतो. त्यासाठी शूटिंगच्या वेळचा कच्चा आवाज लावतात. त्यात वारा असतो, युनिटमधल्यांचं खोकणं असतं, माझं ओरडणं असतं. नंतर तो ट्रॅक उडवून टाकतात, टीव्हीवर त्यातलं काही येत नाही.

तोच टेक होता. मला धक्का बसला. चॅनलने तोच ठेवला होता, परशू मानेला लागायच्या किंचित आधी तोडून. "एवढा रिअल दुसरा नाहीच," असं कोणीतरी म्हणालं होतं म्हणे. मी शिव्या दिल्या. साऊंडवाला शिंदे बिचारा मान खाली घालून बसला. मग म्हणाला, "लावू का?"

मी हेडफोन घातला. माझा आवाज. सोळा, डावा. सतरा, फिर. अठरा, झेल.

एकोणीस, खाली.

मी परत लावायला सांगितलं. परत तेच. तिसऱ्यांदा शिंदेने लावलं नाही. त्याने स्वतःचा हेडफोन काढून ठेवला आणि हलकेच म्हणाला, "मास्टर, हा ट्रॅक उडणारच आहे."

सहा दिवसांची सवय अंगातून गेली नव्हती हे बरोबर होतं. अंग माझं होतं. पोरांनी नऊ वेळा नवी मूव्ह नीट केली होती आणि मी दहाव्या वेळेला जुना शब्द ओरडलो होतो. दिनेश काही विसरला नव्हता. तो माझा पहिला नियम पाळत होता.

खोटं कशाला बोलू, शिंदेचं वाक्य मला त्या घडीला फार गोड वाटलं. मी घरी गेलो. बायकोला सांगितलं नाही. दोन दिवस गेले, त्या दोन दिवसांत मी स्वतःला पटवण्याचे सगळे प्रकार करून पाहिले. दिनेशला परशू दिसला असेल. वाऱ्यात आवाज पोचला नसेल. सांगून त्याचा मणका थोडाच जुळणार आहे. तिसऱ्या दिवशी शिंदेकडून तो ट्रॅक पेनड्राइव्हवर घेतला आणि रेवदंड्याला गेलो.

दिनेशला तोवर घरी आणलं होतं. बाहेरच्या खोलीत खाट, उशाला पंखा. आई त्याला चमच्याने पेज भरवत होती. मला बघून ती उठली, "बसा मास्टर" म्हणाली आणि भांडं घेऊन आत गेली. मी खुर्ची ओढली. आडवळणाने सुरुवात करायचं ठरवून आलो होतो, पण जमलं नाही.

"दिनेश, तू विसरला नव्हतास. मीच चुकीचं ओरडलो. खाली म्हणालो."

तो छताकडे बघत होता. "मना म्हाईत हाय."

"काय?"

"आयकला ना मी. मुखवट्यात बी तुमचा आवाज लख्ख येतो. तुमी खाली बोल्लाव, मी खाली गेलो. मना वाटला, मॅडमनी परत बदलला आसंल. सकालधरना तीनदा बदलला व्हता."

मी विचारलं, "मग इतके दिवस कोणाला बोलला का नाहीस?"

"कोनाला बोलू? तुमी रोज येऊन डोक्यावरना हात फिरवायचाव. बोलायचाव, व्हतं असा, विसरतो मानूस. मी तुमच्या तोंडाकं बघायचो. वाटायचा, आज बोलतील. उद्या बोलतील."

"मला माहीत नव्हतं रे. खरंच सांगतो. परवा ट्रॅक ऐकला तेव्हा कळलं."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे डोळे वळवले. मान वळत नव्हती. "परवा कलला? नि आज आलाव?"

दोन दिवसांचा हिशेब त्याने बरोबर लावला होता. मी खाली बघितलं.

"माझ्याकं काय आलाव, मास्टर?" त्याचा आवाज चढला नाही. "मना तं ठावच व्हता. इरफानकं जा. त्याला वाटतं मी विसरलो नि त्यानी मारला. तो झोपत नाय. त्याला सांगा आधी. मंग पोलिसांना सांगा. माफी बिफी नंतर बघू."

आतून त्याची आई बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ही शिव्याशाप देईल, दिले असते तर बरं झालं असतं. तिने फक्त दार उघडून धरलं.

तिथून मी थेट म्हसळ्याला गेलो. इरफान घराच्या पडवीत होता, दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मी ट्रॅक मोबाइलवर घेतला होता, तोच ऐकवला. त्याने एकदाच ऐकला. मग स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"मी बोललो होतो मास्टर," तो म्हणाला. "वरून आणला तर थांबवता येत नाही."

"हो. बोलला होतास."

"मग?"

मी मोबाइल खिशात ठेवला. त्याने माझ्यासाठी पाणी मागवलं, मी पाहुणा होतो म्हणून. पण स्वतः उठून आत गेला आणि मी निघेपर्यंत बाहेर आला नाही. महिन्याभरात तो भावाकडे आखातात गेला. तिथे गोडाऊनमध्ये आहे. जाण्याआधी तो दिनेशकडे जाऊन आला आणि दोघं संध्याकाळपर्यंत एकत्र बसले होते, हे मला दिनेशच्या आईकडून कळलं.

मी पोलिसांत नवा जबाब दिला आणि ट्रॅक जमा केला. प्रॉडक्शनचा माणूस घरी येऊन म्हणाला, "मास्टर, मिटलेलं प्रकरण उकरताय." मी त्याला चहा दिला आणि हाकलून दिलं. रिपोर्टमधली ती ओळ बदलावी लागली. दिनेशची चूक नाही हे कागदावर आलं, तेव्हा कुठे त्याच्या उपचारांची जबाबदारी कंपनीने कुरकुरत घेतली. स्टंटवाल्यांच्या संघटनेने मला वर्षभर काम करायला बंदी केली. केस अजून चालू आहे. तारखेला मी जातो, बसतो, परत येतो. बंदी योग्य होती. वर्ष कमीच होतं.

एपिसोड ठरल्या दिवशी दाखवला. खूप गाजला. पोरांनी त्यावर व्हिडिओ केले. मेघांकाला वार आधी दिसतो, मग तो परशूखाली गेलाच कसा? एकाने वीस मिनिटं बोलून सिद्ध केलं की शापामुळे त्याचं वरदान त्या क्षणी आटलं. दुसरा म्हणाला, त्याने मित्रासाठी मुद्दाम मान दिली. हजारो लोकांना ते पटलं. त्या दोन सेकंदांत दिसणारा माणूस मेघांक नव्हे, हे त्यांना कोण सांगणार. दिनेशच्या घरी टीव्ही आहे. त्याने तो भाग पाहिला की नाही हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता मी वर्षाला एखाद-दुसरं काम घेतो. सेटवर कॉल मी देत नाही, असिस्टंट देतो, आणि तोही ऐन वेळी वहीत बघून. मुखवट्याच्या फटी मी स्वतः डोळ्याला लावून बघतो. शेवट बदलला तर जुनी फाइट रद्द करायची, नवीन नंबर, नवीन शब्द आणि तालीम पहिल्या मूव्हपासून, मग हीरोची डेट संपो नाहीतर समुद्र आटो. प्रॉडक्शनवाले वैतागतात. म्हणतात, "मास्टर, शेवटच्या चारच तर बदलल्यात." मी म्हणतो, रेवदंड्याला एका माणसाला भेटून या, नंतर बोलू, गाडी मी देतो. आजवर एकही जण गेलेला नाही. तालमीचा दिवस मात्र मिळतो.